मागच्या स्पीकरनं टोकलं

मंडळी, आज सकाळी नवा साउंडबार लावत होतो. सोफ्यामागे ठेवलेले वायरलेस स्पीकर काही केल्या जोडले जाईनात.

तेवढ्यात मुलगी नवा रायपूरला मुलाखतीसाठी निघाली. तिनं उंबरठा ओलांडला आणि मागचा स्पीकर एकदम ओरडला, "कनेक्टेड!"

बायको दचकली. "थांब पोट्टी! मागून टोकलं. बसून पाणी पी, मग जाय."

"मम्मी, बस छूट जाएगी!"

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. टोकणं मीही मानतो. पण पुढची बस कधी येईल, नेम नाही.

म्हणालो, "जाय बेटा. मशीन बोललं, माणूस नाही."

तेव्हापासून बायको अबोल आहे. मुलीचा फोन अजून बंद येतो. मी देवापुढे बसून लिहून राहिलो.

तुम्ही तिला थांबवलं असतं का?