पाठमोऱ्या बाईचं वाक्य

तिचा आवाज लहानपणापासूनच घोगरा. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई तिला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगत. लग्न ठरवायला माणसं आली तेव्हा आईने बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोल, आणि हळू बोल." ती भरपूर बोलली, तरी लग्न ठरलं. होणाऱ्या सासूबाईंना कमी ऐकू यायचं, आणि हिचा शब्दन् शब्द त्यांच्या कानात नीट पोचला होता.

पुढे त्याच आवाजाने तिला काम दिलं. जुन्या काळ्यापांढऱ्या परदेशी गुन्हेपटांना आपल्या भाषेतले आवाज देणारा एक स्टुडिओ होता. दोन खोल्या, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आणि घरघर मुद्रित होते म्हणून पंखा कायम बंद. तिथे सगळे तिला 'घोगरी' म्हणत. तिच्या वाट्याला दरवेळी एकच बाई यायची. नाव बदलायचं, टोपी बदलायची, बाई तीच. खिडकीच्या पट्ट्यांची सावली अंगावर घेऊन उभी राहायची आणि एखाद्या सरळमार्गी विमा एजंटाला अशी काही हाक मारायची, की तो बिचारा आपल्या पायाने खड्ड्यात जाऊन पडायचा. सिनेमा सुरूच व्हायचा तो पडल्यावर, आणि तोच आपली मागची कहाणी सांगायचा, त्यामुळे तो बुडणार हे पहिल्या मिनिटालाच कळलेलं असायचं.

नणंदेला हे अजिबात रुचत नव्हतं. "वहिनी, कधीतरी चांगल्या बाईचा आवाज दे ना. सिनेमात साध्वी नसतात का?"

"असतात की. पण त्यांना बोलायला काही ठेवलेलं नसतं."

सासूबाई मात्र दुपारी टीव्हीचा आवाज वाढवून हे सिनेमे बघत बसायच्या. त्या म्हणायच्या, "शेवट वाईट होणार हे माहीत असतं, तरी जीव टांगणीला लागतो. आणि कुणी कुणाला सुधारायला जात नाही, हे फार बरं वाटतं बघ."

एकदा एका सिनेमाबद्दल, तो दाखवणाऱ्या वाहिनीकडून निरोप आला. त्या सिनेमाच्या शेवटी पोलीस जिना चढत असतात आणि बाई खिडकीपाशी पाठमोरी, गप्प उभी असते. वाहिनीला तिथे एक वाक्य हवं होतं: 'मी चुकले, मला क्षमा करा.'

"हे मी म्हणणार नाही," घोगरी म्हणाली.

आवाजांचं काम बघणारा दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. "अहो, ती पाठमोरी आहे. ओठ दिसत नाहीत. कुणाला कळणार?"

"ओठ दिसत नाहीत म्हणून तिच्या तोंडी काहीही घालायचं? सिनेमाभर ती खोटं बोलली. शेवटी एकदाच गप्प बसलीय. तिचं खरं काय ते एवढंच आहे, आणि तेच तुम्ही पुसायला निघालात."

"लोकांना धडा मिळायला हवा, असं त्यांचं म्हणणं आहे."

"धडा हवा त्याने शाळेत जावं. माणूस अंधार बघायला येतो, आणि तुम्ही शेवटी दिवा लावून त्याला चपला शोधून देताय."

"काम जाईल तुमचं."

"जाऊ दे."

तरी त्याने तिला माइकसमोर उभं केलं. काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने हात वर केला. पडद्यावर बाई वळली, खिडकीशी गेली. घोगरी नुसती श्वास घेत राहिली. त्याने पुन्हा सुरुवात केली, ती पुन्हा गप्प. मग दिग्दर्शकाने आपणहून मुद्रणाचा लाल दिवा बंद केला.

ते वाक्य दुसऱ्याच एका मुलीकडून म्हणवून घेतलं. सिनेमा लागला त्या संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "शेवट छान केलास, वहिनी. सुधारली शेवटी, बरं झालं."

"ती मी नव्हे," घोगरी म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच घासत होती. नवऱ्याने शेजारी उभं राहून ती पुसून ठेवली.

स्टुडिओने तिला परत बोलावलं नाही. काही महिने तिने घरी काढले, मग गल्लीतल्या वाचनालयाचा वरचा हॉल रविवार दुपारपुरता मागून घेतला. पडदे ओढायचे, मूळ सिनेमा आवाज बंद करून लावायचा, आणि बाजूला उभं राहून सगळे आवाज तिने एकटीने काढायचे: एजंट, हवालदार, मेलेला नवरा, आणि ती. पुरुषांचे आवाज तर तिला अंमळ जास्तच शोभायचे. पहिल्या रविवारी मोजकी माणसं आली, हळूहळू जिन्यातही उभी राहू लागली.

वाचनालयाचे चिटणीस एकदा अवघडून म्हणाले, "पुढच्या खेपेला जरा घरगुती काही लावता येईल का? बायकामुलं येतात."

"यातही घरच आहे की," ती म्हणाली. "नवरा आहे, बायको आहे, जेवणाचं टेबल आहे."

पुढच्या रविवारी तिने आधीच्याहून काळाकुट्ट सिनेमा लावला. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या. नणंदही आली, लवकर निघायचंय म्हणत तिने दाराशेजारची खुर्ची धरली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही.