माती लावून धुतलेले हात

माझे हात मॅडमनी साबणाने धुतले, तेव्हा समोर अख्खं गाव बसलं होतं.

आम्ही पालांवरची माणसं. एका संस्थेनं आम्हाला कळमनुरीच्या अलीकडे, गावाबाहेर पत्र्याची घरं दिली होती. गाव म्हणालं, आधी यांना स्वच्छता शिकवा, मग नळ. संस्थेनं लगेच मान हलवली आणि कार्यक्रम ठरवला.

आईनं पहाटेच विहिरीवरून पाणी आणून मला घासून आंघोळ घातली. तेल चोपडून घट्ट वेणी घातली. फोटोवाला म्हणाला, हिचे हात तर चांगलेच आहेत, फोटोत काय दिसणार? संस्थेच्या मॅडम वाकल्या.

"थोडी माती लाव ना, बाळा."

लावली. मग त्यांनी ती धुतली. टाळ्या. शाळेत मला जिच्या शेजारी बसवणार होते, ती पोरगी नाकाला रुमाल लावून बघत होती. मला लाज वाटली ती आईकडे बघून. तिनं घातलेली आंघोळ सगळ्यांदेखत खोटी ठरली होती.

नळ आला. पण वेशीपाशी, आणि गावाचं भरून झालं की मग आमचा नंबर. तेव्हापासून कुणी जास्त गोड बोललं की मी सावध होते.

आता मी याच गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. यंदा नवी पालं आली, आमच्याच नात्यातली. मागोमाग संस्था आली. साहेबांनी बोलावून चहा पाजला, तुमच्यासारखं उदाहरण नाही म्हणाले. चहा पुढे आला तेव्हाच ओळखलं, काहीतरी हवंय. हवी होती पालावरची एक लहान पोरगी. मंचावर हात धुवायला.

मी म्हटलं, "पोरगी भेटणार न्हाई."

"अहो, मग गाव यांना आपलं कसं मानणार? नळ कसा मिळणार?"

"पानी काय गावाच्या मायेवर हाय का, साहेब? ते पंचायतीनं द्यायचं असतंय. आमी मळके असू न्हाईतर चकचकीत."

साहेब हसले. सरपंच आपल्या ओळखीचे आहेत, नोकरीचा विचार करा, असं हळूच म्हणाले. आवाज तसाच गोड.

केला विचार. उद्या ग्रामसभा आहे. पालावरच्या सगळ्या बायांना घेऊन जाणार, पुढच्या सतरंजीवर बसणार आणि आमचा नळ कुणी अडवलाय ते विचारणार. नोकरी गेली तर जाऊ दे. आम्ही स्वच्छ आहोत, हे यापुढे कुणालाही दाखवून देणार नाही.