फेस जाईपर्यंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आप्पांना नाही, माझ्याबरोबर पत्रकं वाटणाऱ्या दोस्तांना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला — तिला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ती समोरच होती. आता तुम्हाला सांगतोय. ऐकून माझी बाजू घेणार असाल तर इथेच थांबा.

मी म्हसावदचा. आमच्या घरात पत्रकं आधी आली, पुस्तकं नंतर. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतमजुरांच्या संघटनेत होते. भिंतीवर कागद चिकटवायची खळ आमच्याच चुलीवर शिजायची. पत्रक छापायला जाण्याआधी ते घरात मोठ्याने वाचायचं आणि शेवटी आप्पांनी विचारायचं, "यामा खोटं काही नही ना?" लिहिणाऱ्याने त्यांच्या डोळ्यांत बघून "नही" म्हणायचं. मग कागद प्रेसला. बारावीपासून मी लिहितोय. किती वेळा "नही" म्हटलं असेन, कोण जाणे. एक वेळ सोडली तर ते खरं होतं.

त्या एका वेळेकडे यायचंय. पण आधी बाटल्यांचं सांगतो.

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मी नवापूरपलीकडे, राज्याच्या सीमेच्या पुढे, एका लसीच्या कारखान्यात लागलो. फ्लूची लस बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून करतात. यातला धोका नवापूरच्या माणसाला समजावावा लागत नाही. कोंबड्यांवर रोग आला की शेडच्या शेड कशा रिकाम्या होतात, ते त्याने पाहिलंय. मग लसीला अंडी कुठून येणार? म्हणून आमच्या विभागात विषाणू अंड्याऐवजी बाटलीत वाढवलेल्या पेशींवर पोसायचे प्रयोग चालले होते. काम चांगलं होतं. आजही म्हणतो, चांगलं होतं. अडचण उताऱ्याची होती. विषाणू पुरेसा यायचा नाही आणि एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवसाशी जुळायचा नाही.

पेशी वाढताना त्यांना वासराच्या रक्तातलं सीरम लागतं. पण विषाणू सोडायच्या आधी ते धुऊन काढावं लागतं, कारण पेशीत शिरायला विषाणूला जे द्रव्य मदत करतं, त्याला सीरम निकामी करतं. नियम होता, मिठाच्या पाण्याने दोनदा धुवा. धुणाऱ्या कंत्राटी बायका. आणि समोर बसून "दोनदा धुतले, तपासले" अशी नोंद करून सही करणारा — मी.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की चांगले आकडे ज्या बाटल्यांचे येतात, त्या रमिलाताईच्या हातच्या असतात. रमिलाताई नवापूरच्या डोंगराकडची, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. विचारलं तिला. तिने हातातली बाटली हलवून उजेडात धरली.

"दोन वेळात फेस जात नाही, दादा. बघ. मी तीन वेळा धुवते."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला पाहिजे? कडूकंद कसा धुवतात? फेस जाईपर्यंत. नाहीतर घरभर ओकत बसतात." मग हसली. "कॉलेजात कडूकंद नाही खाल्ला काय?"

मीही हसलो. माझ्या नाकासमोर ती रोज तिसऱ्यांदा धूत होती आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. सही मात्र करत होतो.

त्याच दिवशी लिहायला हवं होतं, की नियमात हे नाही, ही बाई हे करते, आणि ती बरोबर आहे. का नाही लिहिलं? भीती वाटली, असं म्हणता येईल. ते खोटं ठरेल. मला ते माझं म्हणून हवं होतं. पुढचे दोन महिने डोळ्यांदेखत तीनदा धुतलेल्या बाटल्यांवर मी "दोनदा" लिहीत राहिलो. मग एक प्रस्ताव दिला: "निरीक्षणांती असे सुचवतो की तिसऱ्यांदा धुण्याने उतारा वाढू शकेल." निरीक्षण कुणाचं? चाचणी झाली. उतारा वाढला, रोजचे आकडे जुळू लागले. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. रमिलाताई मागे उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती.

पुढे तपासणीवाल्यांनी जुन्या नोंदी काढल्या. दोनदाच धूत होतात, तर रमिलाताईच्या बाटल्यांना मिठाचं पाणी दीडपट कसं लागलं? आम्हाला दोघांना बोलावलं. ती सरळ म्हणाली, "मी धुतलं. तीन वेळा." मग मला विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का?

"नाही."

एवढाच माझा गुन्हा. एक शब्द. ती शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही — खाली आपल्या हातांकडे पाहिलं.

नियम मोडला म्हणून ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं. जी गोष्ट केली म्हणून ती गेली, तीच गोष्ट त्या महिन्यापासून नियम झाली, आणि नियमाखाली नाव माझं. डबा आणि चप्पल न्यायला ती आली, तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. माफी मागायला? नाही. ती काही बोलली आहे का, ते बघायला.

ती म्हणाली, "तुझी सही होती ना, म्हणून नाही बोलले. दोघं कशाला घरी बसायचं?"

आणि मी काय केलं? पत्रक लिहिलं. माझं सगळ्यात चांगलं पत्रक. कंत्राटी बाईचं ज्ञान चोरून तिलाच हाकलणाऱ्या व्यवस्थेवर. "वरच्यांना सगळं माहीत होतं आणि वरचे गप्प बसले," हे वाक्य तळोद्यापासून अक्कलकुव्यापर्यंत लोकांना पाठ झालं. वरचे. मी लिहिलं, वरचे. त्यांना काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते तिच्या समोरच्या स्टुलावर बसणाऱ्याला.

त्या संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "यामा खोटं काही नही ना?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून "नही" म्हटलं.

कारखान्याने तिच्यावर अन्याय केला, हे मी आजही चौकात उभा राहून सांगेन. पण त्या अन्यायाच्या आड मला लपवू नका. परिस्थिती, वय, नोकरी — हे शब्द मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले की पत्रकात फाडून खातो. स्वतःसाठी वापरणार नाही.

गेल्या आठवड्यात रमिलाताईच्या घरी गेलो होतो. आता ती दुसऱ्यांच्या शेतात मिरची खुडायला जाते. ते पत्रक तिने प्लॅस्टिकमध्ये घालून दारामागे लावलंय. शेजारीण आली, तर तिला म्हणाली, "ह्याच दादाने लिहिलं माझ्यासाठी." शेजारणीने मला हात जोडले. मी चहा पीत होतो. तो संपवला. दुसरा दिला, तोही प्यालो.

हे सगळं लिहिलेला हा कागद आज मी आप्पांना वाचून दाखवणार आहे. शेवटी ते नेहमीचं विचारतील, आणि मी "नही" म्हणेन.

मग ते त्या पत्रकाचं विचारतील.