तात्यासो आज्जा आणि व्हिएतनामची सिस्टर

तात्यासो मगदूम जैन बस्तीत दर्शनाला जाताना एक चप्पल उजव्या दाराशी काढायचे, दुसरी डाव्या. जोडीनं कोण न्हेणार? म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घ्यायचे, तरी दुधात बोट बुडवून बघायचे. बायको विजयमाला म्हणायची, "ह्यास्नी आरशातल्या माणसाचाबी भरवसा न्हाय."

असल्या माणसाची नात, प्रियदर्शनी, पेठ वडगावच्या पलीकडं ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत वसतिगृहात राहत होती. मुलगा ऋषभ शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला. इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून त्यानंच घातलेलं. दिवाळीला पोरगी घरी आली आणि जेवणाआधी डोळे मिटून गप बसली. तात्यासोंनी हातातला घास ताटात ठेवला.

"बाटिवली पोरीला! अंडं चारलं असणार. दिवस मावळल्यावर जेवाय घालत असतील."

सुट्टी संपली, पोरगी परत गेली. एका सांजेला तात्यासो कुणाला न सांगता पेरूची पिशवी घेऊन थेट शाळेच्या जेवणघरात घुसले. पोरी रांगेत जेवत होत्या. प्रियदर्शनी कडेला पुस्तक घेऊन बसलेली.

"मी दिवस हाय तवरच जेवतो की, आज्जा."

तात्यासोंनी तिचं धुतलेलं ताट उचलून हुंगलं. पोरी फिसफिसल्या.

तेवढ्यात सिस्टर लान आली. व्हिएतनामची, इंग्रजी सुधारायला वर्षभरासाठी आलेली, असं पोरीनं सांगितलं. मराठी शून्य.

"इचार हिला," तात्यासो म्हणाले, "हिच्या देशात असल्या शाळांनी पोरी बाटिवल्या का न्हाय?"

पोरीनं विचारलं. सिस्टर बाकावर टेकली आणि बराच वेळ हळूहळू बोलत राहिली.

"फ्रेंचांचं राज्य हुतं," नात सांगू लागली. "हिच्या पणजीला बापानं असल्याच शाळेत घातलं. शिवणकाम शिकली, वाचाय शिकली. घरात तिच्याआधी कुठल्या बाईला वाचता येत नव्हतं."

"बरं." तात्यासो उठले. आता सगळीकडनं चांगलंच ऐकायला मिळणार, हे त्यांना ठाऊकच होतं.

"थांब आज्जा. अजून हाय." पोरीचा आवाज बारीक झाला. "हे सांगितलं की तू मला घरी न्हेणार. पणजीला शाळेनं बाटिवलं. त्यांच्यात घरोघरी पूर्वजांचा देव्हारा असतोय. बाप मेल्यावर तिनं तितं उदबत्ती लावली न्हाय. ते पाप हाय म्हणून शाळेत शिकिवलेलं. आईनं परत तिचं तोंड बघितलं न्हाय. आता चर्चला उदबत्ती लावलेली चालती म्हणं."

"आता चालती, मग तवा का न्हाय?"

तात्यासो परत खाली बसले.

पिशवी भर, चल घरला, हे तात्यासोंच्या ओठावर आलं होतं. पण पोरीनं नजर चुकवली नव्हती. ते शेवटचं तिनं गिळून टाकलं असतं, तर ह्या म्हाताऱ्याला काय कळणार होतं? दुधात पाणी शोधत उभा जन्म गेला. असं निखळ कुणी समोर ओतलं नव्हतं.

"ऱ्हा हितंच," ते शेवटी म्हणाले. "पण हिला सांग, माझा तिच्यावर इस्वास न्हाय. तुझ्यावर हाय. आणि मी परत येणार, सांगून न्हाय."

पोरीनं तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सिस्टर हसली.

"हसती कशाला गं ती?" तात्यासोंनी डोळे बारीक केले.