फोटोतली तीट

आमचे हे, दिनानाथ, गेले त्याला चार महिने झाले. लोक म्हणतात फोटोवाले गेले. पण फोटो काढायचे ते ह्यांचे मोठे भाऊ, नरहरीभावोजी. हे ते सुधारायचे. पालघरात आमच्या ओटीवरच स्टुडिओ होता. तेव्हा सगळं काळंपांढरं. मी फोटो धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची.

लहान पोरांचं काम आलं की हे खुशीत. पोर काय एका जागी बसतंय? कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणाच्या कपाळाला फोड. हे खिडकीपाशी बसून भिंग लावायचे, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचे आणि निगेटिव्हवर बारीक बारीक टिंबं देत बसायचे. फोटो छापला की फोड गायब. तरी काय राहिलं तर छापलेल्या फोटोवर ब्रश. ब्रश जिभेवर ओला करायची सवय, म्हणून जीभ कायम काळी. मी म्हणायची, "अहो, काळ्या जिभेनं कोणाला काय बोलू नका हां, खरं होईल." तर म्हणायचे, "मग तुलाच बोलतो शालू, तू जाडी होशील." झालीच मी.

ह्यांचा एक नियम होता. डाग पुसायचा, तीट नाय पुसायची. तारापूरच्या कॉलनीतल्या लांबलांबच्या बाया यायच्या, त्यातली एखादी म्हणायची, भैया, वो काला टीका निकाल दो. हे हसायचे. "बहेनजी, माँ ने लगाया, मैं कैसे निकालू?" आणि ठेवायचेच.

ऐंशी का एक्क्याऐंशी साल असेल. सातपाटीहून हंसा म्हणून एक बाई आली. नवरा बोटीवर. तिची चिमी, चार वर्षांची, तापानं गेलेली, त्याला वर्ष होत आलेलं. पोरीचा वेगळा फोटो एकपण नाय. माहेरच्या लग्नातला घोळक्याचा एक फोटो ती भावाकडून मागून घेऊन आलेली, त्यात चिमी नखाएवढी.

"एवढीच हाय दादा. मोठी करून द्या."

भावोजींनी त्या फोटोचा फोटो काढून मोठा केला. मग ह्यांनी आठ दिवस घेतले. मागच्या बायांची लुगडी पुसली, विस्कटलेले केस बसवले, डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिला. पोरीच्या डाव्या गालावर काळं काहीतरी पुसट दिसत होतं. तीटच ती, म्हणून ह्यांनी ब्रशनं गोल करून गडद केली.

फोटो न्यायला हंसा सासूला घेऊन आली. गोजराबाई तिचं नाव. म्हातारी टेकायच्या आधीच सुरू झाली.

"फोटो कसला बघायचा! त्या लग्नानंच माजी पोर खाल्ली. माजा पाय सुजलेला म्हणून मी घरी. आनि ही बया पोरीला नटवून घेऊन गेली नि तीट लावायला इसरली! सोताच्या तोंडानं बोललीय मना."

हंसा खाली बघत होती. रोजचं ऐकून ऐकून माणूस जसं बसतं तशी बसलेली.

हे जुना फोटो घेऊन खिडकीकडे वळले, भिंग लावलं, नखानं गालावर हळूच खरवडलं. काळं सुटून नखात आलं. माशीची घाण होती ती. तीट नव्हतीच. ह्यांचा चेहरा बघून मला कळलं. ती पुसून देतो, दोन दिवस थांबा असं हे सांगणार, तोवर म्हातारीनं टेबलावरचा मोठा फोटो उचलला.

जवळ धरला, लांब धरला. गालावर बोट ठेवलं.

"तीट हाय की गो." मग ह्यांना म्हणाली, "फोटोवाले, खरं सांगा, ही तुमी लावली?"

माझ्या हातात ओला फोटो, पाणी पायावर ठिबकत होतं. हंसानं पहिल्यांदा मान वर केली आणि ह्यांच्याकडे बघितलं. तीट लावलीच नव्हती हे तिला तर माहीतच होतं.

हे कामात कधी खोटं बोलले नायत. दोन दिवसांचं काम असलं तर दोनच दिवस सांगणार.

"होती, आजी," हे म्हणाले. "पुसट झालेली. मी नुसती गडद केली."

म्हातारी खालीच बसली. "लावलीवतीस की गो. तूच इसरलीस. नि वरीसभर मी तुला..." पदरानं फोटो पुसत राहिली. मग उठली. "चल, उन्हं वाढायच्या आदी निघू. फोटो तू धर."

म्हातारी पायऱ्या उतरली. हंसा दारात मागं राहिली.

"दादा, मी नव्हती लावली."

"ठाव हाय. जा, सासूबाई उभ्या हायत."

त्या दिवशी ह्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला नाय. जेवताना मला म्हणाले, "शालू, मी चूक केली का गं?" मी आमटी घ्या म्हटलं.

नाय केली चूक. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं मी.