जेवणाऱ्याला विचारायचं नाही

आमच्या हार्लन फोर्कच्या शाळेत गुरुवारी चिली आणि दालचिनीचे रोल असतात. घेवडा आणि खिम्याची तिखट आमटी, तिच्याबरोबर हे गोड रोल. मी नेब्रास्कात नवी आले तेव्हा मला हे भारी विचित्र वाटलं होतं. आता गुरुवारी दुसरं काही खाल्लं तर वार चुकल्यासारखं होतं. नवरा इथल्या मक्यापासून इंधन काढणाऱ्या कारखान्यात लागला, मुलं मोठी झाली, आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात व्हर्लीनबाईंच्या हाताखाली कामाला लागले. त्या माझ्यासाठी खिम्याविना वेगळं पातेलं ठेवत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वासू, तुझा देव जे खाऊ देत नाही ते मी तुझ्या ताटात वाढणार नाही. पण रोल खावाच लागेल. त्याला कुठल्याच देवाची हरकत नसते."

व्हर्लीन ड्वोराचेक याच शाळेत शिकल्या. त्यांचे वडीलही इथलेच. नवरा एमिल, तेही याच शाळेतले, मागच्या बाकावरचे. एमिल गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा लायल नदीपलीकडे मका आणि सोयाबीन करतो. लायलची मुलगी टेसा यंदा पहिलीत आली, आणि रोज दुपारी ताट घेऊन ओळीत उभी राहिली की व्हर्लीनबाई तिला ओळख न दिल्यासारखं करत. "इथे मी कुणाची आजी नाही," म्हणत आणि सगळ्यात मोठा रोल तिलाच वाढत.

त्यांचा एक नियम होता. ताटावर बसलेल्या माणसाला वाकडं विचारायचं नाही. हा नियम त्यांच्या आजीचा. पूर्वी कधी तरी एका जेवणात दोन भाऊ वाटणीवरून भांडले, एक जण अर्ध्या ताटावरून उठून गेला, आणि पुन्हा त्या घरात आला तो थेट आईच्या अंत्यविधीला. तेव्हापासून आजीनं ठरवलं, आणि हळूहळू सगळ्या गावानंच ते मानलं. कुंपणावरून ज्यांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे ती माणसंही चर्चच्या तळघरात शेजारी बसून बटाटे एकमेकांकडे सरकवतात. मला हे फार आवडायचं. आमच्या कऱ्हाडला माझी आई म्हणायची, अन्नापुढे रागावू नये, अन्न उठून जातं. मला वाटायचं, देव सगळीकडे सारखंच शिकवतो, फक्त ताटातला पदार्थ बदलतो.

यंदा गव्हर्नरची निवडणूक होती. कर्टिस रॅडके उभा होता. शेजारच्या जिल्ह्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, विधानसभेत बरीच वर्षं काढलेला. त्याचं म्हणणं साधं होतं. जमिनीवरचा कर शेतकऱ्याला झेपेनासा झालाय, तो कमी करायचा. शाळा याच करावर चालतात, म्हणून तो कमी करायचा तर लहान गावांच्या शाळा एकमेकींत मिसळायच्या, एकच मोठी शाळा ठेवायची. मुलांना बस मिळेल, चांगले शिक्षक मिळतील.

लायलनं रॅडकेच्या नावाची पाटी आईच्या अंगणात रोवली. तिचं घर हमरस्त्यावर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं म्हणून.

"अरे, मला विचारलंस का?" व्हर्लीनबाई म्हणाल्या.

"आई, कर कमी करणारा हा एकच माणूस आहे. तू माझ्या जागी असतीस तर दोन पाट्या लावल्या असत्यास."

"आणि शाळा?"

"आपल्या शाळेचं नाव कुणी घेतलंय? तो सगळ्या राज्याचं बोलतोय."

"सगळ्या राज्यात आपण नाही का रे?"

लायल हसला आणि तिच्या हातचं सँडविच खाऊ लागला. तो खात होता, म्हणून त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

सप्टेंबरात कर्टिस रॅडके आमच्या गावात येणार असं ठरलं. शाळेच्याच जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, चिलीचं जेवण ठेवलं. आदल्या रविवारी प्रार्थनेनंतर सगळे बाहेर उभे होते, तेव्हा ठरलं की प्रश्न व्हर्लीनबाईंनीच विचारायचा. त्यांच्यावर कुणी रागावू शकत नाही, आणि शाळेवर त्यांच्याइतका हक्क कुणाचा नाही. प्रश्न एवढाच होता: आमची शाळा राहणार की जाणार?

जेवणाच्या दिवशी पीठ मळताना त्या तो प्रश्न घोकत होत्या.

"मिस्टर रॅडके, आमची शाळा... नको, फार कडक वाटतं. कर्टिस, बाळा, आमची शाळा..."

"बाळा नका म्हणू," मी म्हटलं. "गव्हर्नर व्हायला निघालाय तो."

"माझ्यापेक्षा लहानच आहे ना? बाळाच."

पण झालं भलतंच. जिममध्ये जायच्या आधी तो सरळ स्वयंपाकघरात आला. उंच, जरा वाकून चालणारा, हातात टोपी. "मिसेस ड्वोराचेक? हा वास मला रस्त्यावरूनच आला. माझी आईसुद्धा शाळेतच स्वयंपाक करायची." आणि त्यानं बाह्या वर केल्या, गरम रोलचा ट्रे उचलला, आणि उचलता उचलता एक रोल तोंडात टाकला. डोळे मिटले. "देवा," म्हणाला, अगदी मनापासून.

मी व्हर्लीनबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मऊ झाला होता, पण हात पदराला... पदर कुठला, एप्रनला घट्ट धरून होते. त्यांचं अन्न त्याच्या पोटात गेलं होतं. आता तो त्यांचा पाहुणा होता.

जेवणं झाली. तो बोलला. कराचं बोलला तेव्हा लायलसारखे सगळे टाळ्या वाजवत होते. शाळांचं बोलला तेव्हाही त्यानं काही लपवलं नाही. "हे सगळ्यांना आवडणार नाही, मला माहीत आहे," म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

सगळ्या जिमनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. व्हर्लीनबाई तिथे उभ्या होत्या. त्याच्यासमोर अजून अर्धा रोल होता.

"कुणाला," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "कुणाला आणखी रोल हवाय का?"

लोक हसले. त्यानं हात वर केला. "मला!" पुन्हा टाळ्या झाल्या. आणि जेवणाऱ्या माणसाला दुसरं कुणी काय विचारणार? आम्ही भांडी घासली.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या रेडिओवर त्याची मुलाखत लागली. आम्ही कांदे चिरत होतो. विचारणाऱ्यानं म्हटलं, शाळा मिसळायला लहान गावांचा विरोध नाही का? कर्टिस म्हणाला, "मी हार्लन फोर्कला गेलो होतो. त्यांच्याच शाळेत उभं राहून तोंडावर सांगितलं. एकही हात वर झाला नाही. उलट मला दुसरा रोल वाढला. लोक शहाणे आहेत. त्यांना कळतं."

व्हर्लीनबाईंनी सुरी खाली ठेवली. नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले.

"वासू, माझ्या तोंडानं मी शाळा देऊन टाकली."

"तुम्ही काही बोललाच नाहीत."

"तेच म्हणतेय."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कुणी टोचून बोललं नाही, इथे कुणी बोलत नाही. पण दुकानात त्या आल्या की बोलणं हवापाण्यावर येई. एकानं मात्र पेट्रोल भरताना हसत म्हटलं, "व्हर्लीन, पुढच्या वेळी रोल जरा कमी गोड कर." त्यांनी हसून मान हलवली आणि गाडीत येऊन बसल्या, ते कितीतरी वेळ किल्लीच फिरवली नाही. घरी मी रोज संध्याकाळी निरांजन लावते. तेव्हा एकदा मागितलं, देवा, या बाईला एकदा बोलायची संधी दे. मग वाटलं, संधी तर दिलीच होती.

ऑक्टोबरात एका शनिवारी त्या माझ्या दारात आल्या. चांगला कोट घातलेला, हात रिकामे. मी त्यांना कुणाकडे रिकाम्या हातानं जाताना कधी पाहिलं नव्हतं.

"तो गुरांच्या बाजारात येतोय, तिथल्या कॅफेत. मला घेऊन चल. एकटी गेले तर अर्ध्या वाटेवरून परत येईन."

कॅफेत गर्दी होती, बाहेर गुरांचा आवाज. कर्टिसनं त्यांना लगेच ओळखलं. उठला, खुर्ची ओढली. "मिसेस ड्वोराचेक! बसा, कॉफी घ्या. ॲपल पाय आणा रे यांना."

"नको. आधी विचारते."

"अहो, आधी बसा तरी."

"बसले तर मला जमणार नाही, कर्टिस." त्या उभ्याच राहिल्या. "माझी नात टेसा पहिलीत आहे. ती बारावीला कुठे बसेल?"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. तो माणूस वाईट नव्हता, हे मी अजूनही म्हणते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघू, समिती नेमू. त्यानं हातातला काटा बाजूला ठेवला.

"तुमच्या गावात नाही बसणार. मुलं उरलीच नाहीत तिथे. मी निवडून आलो तर बहुतेक दोन-तीन वर्षांत बंद होईल."

"हे त्या दिवशी सांगायला हवं होतंस. नाव घेऊन."

"तुम्ही त्या दिवशी विचारायला हवं होतंत," तो म्हणाला. आवाज चढवून नाही. दमल्यासारखा. "मी वाट पाहत होतो. सगळे तुमच्याकडे बघत होते, मला दिसलं. मग तुम्ही रोल विचारलात, आणि मला वाटलं, चला, सुटलो."

व्हर्लीनबाईंनी मान हलवली. "तू माझ्याकडे जेवत होतास."

"मला माहीत नव्हतं की त्याचा असा अर्थ असतो."

"तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

ॲपल पायची बशी आली, त्यांनी ती घेतली नाही. परतताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कापणी झालेली शेतं. मध्येच म्हणाल्या, "खरं बोलला तो. हेच जास्त लागलं."

दुसऱ्या दिवशी मी व्हर्लीनबाईंकडे होते, तेव्हा लायल आला. गोष्ट त्याच्या कानावर गेलीच होती.

"आई, भर कॅफेत? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तू त्यालाच मत देणार?"

लायल दारात उभा. "देणार. कर भरून मी दमलोय. शाळा वाचवून शेत गेलं, तर टेसा त्या शाळेत जायला गावात राहील कुठून?"

"दे मग. पण पाटी तुझ्या अंगणात लाव."

त्यानं पाटी उपटली आणि ट्रकमध्ये टाकली. जोरात टाकली नाही. मग आत येऊन बसला, आणि त्यांनी त्याला सूप वाढलं. आम्ही तिघं जेवलो. लायलचं म्हणणं चूक होतं असं मला तरी म्हणवत नाही.

कर्टिस रॅडके निवडून आला. आमच्या जिल्ह्यातही त्यालाच जास्त मतं पडली.

त्यानंतरच्या रविवारी व्हर्लीनबाईंकडे जेवण होतं. लायल, त्याची बायको, टेसा, आणि आम्ही दोघं. प्रार्थना झाली. बटाटे फिरले, माझ्यासाठी घेवडा वेगळा होता. सगळे हवापाण्यावर बोलत होते. टेसानं काट्यानं मटार ढकलत ढकलत विचारलं, "आजी, आपली शाळा बंद होणार?"

लायलची बायको म्हणाली, "टेसा, आधी जेव."

हेच वाक्य व्हर्लीनबाईंच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं होतं. लायल ताटात बघत होता.

व्हर्लीनबाईंनी चमचा खाली ठेवला. "विचारू दे तिला," त्या म्हणाल्या. मग टेसाकडे वळल्या. "हो गं. बहुतेक होणार."

"मग मी कुठे जाणार?"

"ते तुझ्या बाबाला विचार," त्या म्हणाल्या. "तो इथेच बसलाय."

लायलनं मान वर केली. त्याच्या ताटातलं मांस तसंच होतं. टेसा त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या टेबलावर कुणीही तिला, आधी जेव, असं म्हणालं नाही.