जानरावांचा शिवलेला नकाशा

जानराव तायडे अमरावतीच्या आमच्या कॉलेजात भूगोल विभागाचे शिपाई होते. नकाशे उलगडून खिळ्याला टांगायचे, तास संपला की गुंडाळायचे, कसर लागू नये म्हणून त्यांत कडुनिंबाचा पाला घालायचा, ही त्यांची कामं. शिक्षण चौथीपर्यंत. पण कुठल्या तासाला कुठला नकाशा लागणार हे प्राध्यापकांच्या आधी त्यांना ठाऊक असायचं.

१९६२ साली अकोल्याची शालू आमच्या वर्गात आली. जन्मापासून अंध. नागपूरच्या अंधशाळेत शिकलेली, ब्रेल भराभर टोचणारी, आणि हसायला लागली की अख्खा बाक हलवणारी. तिनं भूगोल घेतला तेव्हा ऑफिसात तिला तीनदा विचारलं, "नक्की ना?" तिन्ही वेळा ती नक्की म्हणाली.

भूगोल शिकवायला मोरोपंत असनारे सर. शिकवायचे रंगून, पण नकाशावर छडी फिरवत म्हणायचे, "ही नदी इथून निघते, अशी वळते आणि इथं तिला मिळते." शालूचा हात कागदावर थांबायचा. मी तिच्या शेजारी बसायचे. मी कानात सांगेपर्यंत सर पुढच्या नदीवर पोचलेले असत.

दाराशी उभे राहून जानराव हे रोज पाहत. एक दिवस तास सुटल्यावर ते आमच्या बाकाशी आले.

"बाई, सर 'इथून' म्हनतात, थे कुठून, समजते का तुमाले?"

"नाही ना, काका."

"मलेई नव्हतं समजत." गावच्या शाळेत लहानपणी शिवाशिवीपायी त्यांना वर्गाबाहेर ओसरीत बसवत. मास्तरांचा आवाज यायचा, फळा दिसायचा नाही. "मास्तर म्हनत, हे पाहा. मी पाहो, तं समोर भित!" जानराव हसत सांगत होते. आम्हा दोघींना मात्र हसू येईना.

आठ दिवसांनी ते एक बोचकं घेऊन आले. रद्दीत निघालेला वऱ्हाडाचा फाटका नकाशा त्यांनी तरटावर चिकटवला होता आणि त्यावर त्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनी, सगळं शिवून काढलं होतं. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात धरणारं मोहल्ल्यात कोणी नव्हतं. नद्या जाड सुताच्या, रेल्वे साखळीटाक्याची, सातपुडा आत सरकी भरून फुगवलेला. अमरावती आणि अकोला म्हणजे कोटाची दोन मोठी बटणं. कौंडण्यपूरला सदऱ्याचं इवलंसं बटण, वर्धेच्या अगदी काठावर.

शालूनं दोन्ही हात ठेवले. बोटं बडनेऱ्याहून रुळांवरून निघाली, मूर्तिजापूर करत अकोल्याला पोचली. "आलं माझं घर!" ती ओरडली आणि बाक हलायला लागला.

तेवढ्यात असनारे सर आत आले. "जानराव, हे काय? प्रमाण तरी सांभाळलंय का?"

जानराव चपापले. शालूचं लक्ष मात्र बोटांत होतं. "सर, ही पूर्णा पश्चिमेला चालली आणि ही वर्धा दक्षिणेला. दोघींचं पाणी वेगळीकडे. मग मधे काय आहे? इथं तर बोटाला काहीच लागत नाही."

सर नकाशावर वाकले. "जलविभाजक! दोन्हींकडचं पाणी वाटून देणारा उंचवटा. बावीस वर्षं शिकवतोय, पण हे आपणहून कोणी विचारलं नव्हतं." मग जानरावांकडे वळून म्हणाले, "इथं चढ पाहिजे. सरकी आहे का अजून?"

त्या दुपारी सरांनी स्वतः सुई धरली आणि दोनदा बोटात टोचून घेतली. धीर आल्यावर जानराव म्हणाले, "सर, राग नका मानू. थे छडीचं काम तोंडानं करत जा ना."

दुसऱ्या दिवशी सर "ही नदी इ—" म्हणाले आणि थांबले. छडी टेबलावर ठेवली. "पूर्णा सातपुड्यात उगम पावते आणि पश्चिमेला वाहत तापीला मिळते." मागच्या बाकावरच्या पोरांनीही माना वर केल्या. त्यांनाही एवढ्या लांबून नकाशा कधी नीट दिसला नव्हता.

ही बातमी कॉलेजभर झाली. अर्थशास्त्राच्या अनसूयाबाई शालूसाठी मागणीचा आलेख करून घ्यायला आल्या. जानरावांनी पाटीवर सुतळी चिकटवता चिकटवता विचारलं, "बाई, हे रेघ खाली कावून येऊन राहिली?"

बाईंनी पाच मिनिटं समजावलं. जानराव म्हणाले, "म्हंजे भाव वाढला का गिऱ्हाईक पयते. मंग असंच सांगा ना वर्गात!" बाईंनी तसंच सांगितलं.

वर्षअखेरीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरगावचे परीक्षक आले. "नकाशा ही बघायची वस्तू," ते म्हणाले. शालूनं धडाधड उत्तरं दिली, तरी त्यांना वाटलं, पाठ केलंय. त्यांनी आवाज न करता तरट उलटं फिरवलं आणि म्हणाले, "मेळघाट दाखवा."

शालूनं हात टेकले आणि खुदकन हसली. "सर, उत्तरेचा सातपुडा माझ्या पोटाशी आला! नकाशा फिरला वाटतं." आणि तिनं मेळघाटावर अचूक बोट ठेवलं. परीक्षकही हसत सुटले. दाराबाहेर जानरावांनी टोपी काढून कपाळाचा घाम पुसला.

असनारे सरांनी प्राचार्यांमागे लकडा लावला आणि १९६५ साली जानराव विभागाचे सहायक झाले. पेढे वाटताना इंदूबाई म्हणाल्या, "शिवलं म्या, अन् बढती यायले!" हे ऐकून सरांनी दिवाळीला त्यांच्या घरी नवंकोरं शिलाईचं मशीन पाठवलं. इंदूबाईंनी ते ठेवून घेतलं, पण पुढच्या नकाशांतल्या नद्याही हातानंच शिवल्या. मशीनचा टाका बोटाला लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

शालू पुढे अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. तिथून तिनं पत्र पाठवलं: काका, आता जगाचा नकाशा हवा.

त्याला दीड महिना लागला. मग नवराबायको ते भलंमोठं बोचकं घेऊन पॅसेंजरनं अकोल्याला निघाली. डब्यातल्या एकीनं विचारलं, "गोधडी विकाले नेऊन राहिले का?"

"नाही व बाई," इंदूबाई ऐटीत म्हणाल्या, "दुनिया हाय थे. जरा सरकून बस."